जुने कुंग फू पिच्चर तुम्ही कसे बघता? आणि पोरांना पहिला कुठला दाखवावा?

कृष्णाकाठ
परवा रात्री जेवणं झाल्यावर लेकीला (वय १५) म्हटलं, चल, तुझ्याएवढा असताना ज्या पिच्चरपायी मी आजोबांचा मार खाल्ला तो तुला दाखवतो. 'थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', १९७८ चा. हाताला लागली ती इंग्रजी डबिंगची प्रत लावली. दहाव्या मिनिटाला ती हसायला लागली. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. कॅमेरा धाडकन चेहऱ्यावर जातो. चिकटवलेल्या दाढ्या लपत नाहीत. हात हलला की 'सुप्प', लागला की 'फट्'. तिच्या हसण्यात खोडसाळपणा नव्हता, पण मला लागलं. वीस मिनिटांत बंद केला.

१९८६-८७ साल असेल. आमच्या गावात बाजारपेठेच्या मागे एक व्हिडिओ सेंटर होतं. एक खोली, खाली सतरंजी, खिडक्यांना काळे कागद. असल्या सगळ्यांना आम्ही सरसकट 'कराटेचा पिच्चर' म्हणायचो, कुंग फू हा शब्द कुणाला ठाऊक होता! भाषा कळत नव्हती, गोष्ट अर्धीमुर्धी कळली. पण त्यातला नायक सान-ते हात आडवे ताणून पाण्याच्या बादल्या वाहतो आणि दंडाला सुऱ्या बांधलेल्या असतात, हात खाली आला की बरगडीत रुतणार, ते बघताना आम्हा पंधरा-वीस पोरांचे हात आपोआप आडवे झाले होते. शेजारच्याच्या तोंडावर माझा हात होता आणि त्याला त्याचं काही नव्हतं.

'इतके वाईट की बघायला मजा येते' अशा खणात लोक हे सिनेमे टाकतात. मला ते पटत नाही. बंदिशीचे शब्द दोन ओळींचे असतात म्हणून मैफलीत कुणी हसत नाही, कारण शब्दांसाठी कुणी गेलेलंच नसतं. या सिनेमांत गोष्ट ही बंदिशीएवढीच. बाकी सगळं अंगात आहे.

तर तुम्ही लोक हे कसे बघता? आणि नवीन माणसाला पहिला कुठला दाखवावा? दुसरी संधी एकदाच मिळणार आहे, म्हणून विचारून घेतोय.

निवांत_वाचक
ब्रूसली. 'एंटर द ड्रॅगन'. आरशांची खोली. पोरगी हसली तर सांगा मला.

पिटातला_पब्लिक
क्या बात! धागा बघून अंगावर काटा आला.

निवांत, ब्रूसलीचं ठीक आहे हो, पण त्याचे सिनेमे आहेत किती? २० जुलै १९७३ ला गेला, वय अवघं ३२, आणि 'एंटर द ड्रॅगन' पडद्यावर आला तो त्यानंतर. मोठा झाल्यावर नायक म्हणून पुरे केलेले चारच: 'द बिग बॉस', 'फिस्ट ऑफ फ्युरी', 'वे ऑफ द ड्रॅगन' आणि हा. 'गेम ऑफ डेथ' अर्धा राहिला. १९७८ मध्ये बदली माणसं उभी करून तो जोडला.

पण लोकांची भूक चार सिनेमांनी भागणार होती का? मग निघाले ब्रूस ले, ड्रॅगन ली आणि दुसरा ब्रूस ली. हा दुसरा मूळचा तैवानचा हो चुंग-ताओ. इंग्रजीत निदान आडनावाचं एक अक्षर वेगळं असायचं, मराठीत रंगवलेल्या फळीवर तेही नाही! आमच्या तालुक्याच्या टॉकीजला 'ब्रूसलीचा नवा पिच्चर' म्हणून लागला की अर्धी शाळा रिकामी. तो गेलाय हे आम्हाला माहीत होतं की नव्हतं ते आज सांगता येत नाही, पण पडद्यावरचा तो नाही हे पहिल्या मारामारीतच कळायचं. तरी कुणी उठायचं नाही. हो चुंग-ताओ मला आवडायचा, आजही आवडतो. दुसऱ्याच्या नावाचं ओझं घेऊनही माणूस अंग चोरत नाही.

या लाटेतला सगळ्यात अचाट म्हणजे १९७७ चा 'द ड्रॅगन लिव्ह्ज अगेन'. ब्रूसली मेल्यावर पाताळात जातो आणि तिथे त्याला ड्रॅक्युला भेटतो, जेम्स बाँड भेटतो, आणि पॉपाय त्याच्या बाजूने लढतो. होय, तोच पालकवाला. हा मात्र लेकीला पहिला दाखवू नका.

ननचाकू आम्ही सुताराकडून कातून घेतलेले. मध्ये कुत्र्याची साखळी.

चैत्रपालवी
आमच्याकडे सायकलची चेन :) दादाचं कपाळ अजून साक्ष देतं.

मेघना_ठाणे
मी जरा वेगळं बोलते, रागावू नका. मला हसू येतं आणि त्यात मला अपमान वाटत नाही. माझा नवरा या सिनेमांचा भक्त आहे, त्यामुळे लग्नानंतर दहा-बारा तरी बघितले. बहुतेकांची गोष्ट एकच: गुरूला मारलं, चेल्याने बदला घेतला. मधल्या बाया एक तर रडतात नाही तर मरतात. आवाज टिनपाटावर मारल्यासारखे. कृष्णाकाठ, तुमची मुलगी जे दिसलं त्याला हसली, ते प्रामाणिक होतं. मैफलीची उपमा सुंदर आहे, पण तानपुरा बेसूर असेल तर मैफलीतही लोक चुळबुळ करतातच की.

लांब_पल्ला
मेघनाताई, तानपुरा बेसूर नव्हता. आपल्यापर्यंत आलेली कॅसेट बेसूर होती.

हे सिनेमे बहुतांशी आवाजाशिवायच चित्रित व्हायचे. सेटवर कुणी कँटोनीज बोलतोय, कुणी मँडरिन, एखादा कोरियाहून आलेला. आवाज सगळेच नंतर चढवायचे, अगदी चिनी भाषेतलेही. इंग्रजी डबिंग हाँगकाँगमध्येच राहणारी मूठभर परदेशी माणसं करायची. तेच चार-पाच आवाज सगळीकडे, म्हणून प्रत्येक खलनायक एकाच घरातला वाटतो.

दुसरं जास्त महत्त्वाचं. शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या बड्या स्टुडिओचे सिनेमे शॉस्कोपमध्ये असत, म्हणजे चित्र उंचीच्या सव्वादोनपटीहून जास्त रुंद. व्हिडिओ कॅसेटवर ते टीव्हीच्या चौकोनात कोंबताना दोन्ही बाजूंनी कापायचे, जवळजवळ निम्मं चित्र गायब. आता विचार करा, डावीकडे एक जण भाला घेऊन उभा, उजवीकडे दुसरा तीन तुकड्यांची काठी घेऊन, आणि पडद्यावर दिसतंय मधलं अंगण! आपण वर्षानुवर्षं जी मारामारी बघून 'काही कळत नाही' म्हणत होतो ती मुळात पूर्ण दिसतच नव्हती.

२००० मध्ये सेलेस्टियल पिक्चर्सने शॉ ब्रदर्सचा साठा विकत घेतला, साधारण ७६० सिनेमे, आणि २००२ पासून धुऊनपुसून बाहेर काढायला सुरुवात केली. त्यातली प्रत मिळवा, मँडरिन आवाज, खाली अक्षरं. मी 'थर्टीसिक्स्थ चेंबर' तसा पहिल्यांदा बघितला तेव्हा खरं सांगतो, भिंतींचे रंग बघून गप्प झालो. तो लाल रंग माझ्या लहानपणच्या कॅसेटमध्ये तपकिरी होता.

मेघना_ठाणे
निम्मं चित्र कापलेलं असायचं हे खरंच माहीत नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, मी हेच सांगत होतो. तो हे कधीच सांगत नव्हता.

गॉर्डन_लिउ_फॅन
वाचनखूण साठवली. लांब_पल्ला यांचे आभार.

कुडाळवाला
उशिरा आलो. मला हे सिनेमे पहिल्या दिवसापासून परके वाटले नाहीत, त्याचं कारण सांगतो.

आमच्याकडे जत्रेत रात्रभर दशावतार. राक्षस आला की मृदंग आणि झांज अशी काही उसळते की झोपलेलं पोर उठून बसतं. देव आणि राक्षस तलवारी घेऊन गिरक्या घेतात. तलवार अंगाला लागत नाही, लागायचीही नसते. पाय पडतो तो तालावर, वार होतो तो समेवर, आणि वार झाला की क्षणभर दोघेही थिजतात. तेवढ्यात झांज वाजते. आता कुठलाही जुना शॉ ब्रदर्सचा सिनेमा लावा आणि डोळे मिटून नुसती मारामारी ऐका. टक-टक-टक, फट्, थांबा. टक-टक, फट्. थांबा. तो 'फट्' खऱ्या ठोशाचा आवाज म्हणून ऐकलात तर खोटा वाटणारच. झांज म्हणून ऐका.

ही नुसती माझी कल्पना नाही. यातली कितीतरी माणसं चिनी ऑपेरातूनच आली. यू जिम-युएन यांच्या हाँगकाँगच्या शाळेत जॅकी चॅन सात वर्षांचा असताना गेला आणि दहा वर्षं राहिला. सॅमो हुंग, युएन बिआओ, युएन वाह तिथलेच. गुरूचं 'युएन' त्यांनी आपल्या नावात घेतलं. पहाटे उठून कोलांट्या, हातांवर उभं राहणं, गाणं, रंग लावणं, चुकलं की छडी. पुढे ऑपेराचे प्रेक्षक आटले आणि ही पोरं पोटासाठी सिनेमात पडायला-आपटायला गेली. त्यांच्या अंगात तो ताल आधीच मुरलेला होता.

म्हणून कृष्णाकाठ, लेकीला बघायच्या आधी एकच सांगा: हातांकडे बघू नकोस, पाय मोज.

रानमेवा
+१ दशावतार. संकासुराला कॅमेरा मिळाला असता तर!

मल्लखांब_शिक्षक
कुडाळवाला यांचा प्रतिसाद मनापासून आवडला. मी पोरांना मल्लखांब शिकवतो, त्यामुळे माझी नजर आणखी वेगळ्या ठिकाणी जाते: उतरताना. वर चढून आढी मारणं, टांगणं बऱ्याच जणांना जमतं. जमिनीवर आल्यावर जो डगमगत नाही तो खरा. युएन बिआओला बघा. दोन माणसांच्या उंचीवरून उलटा फिरून खाली येतो आणि त्याच श्वासात पुढचा वार करतो. कॅमेरा लांब, मध्ये कापाकापी नाही. 'द प्रॉडिगल सन' (१९८१) मिळवून बघा, विंग चुन शैलीवर इतकं नेटकं काम दुसरीकडे क्वचित दिसेल. लाम चिंग-यिंग त्यात ऑपेरातली स्त्रीपात्रं करणारा गुरू आहे. दम्याने बेजार, आणि तरी हात असा चालतो की समोरच्याला जागा सापडत नाही.

निवांत, एक सांगू? 'एंटर द ड्रॅगन' मधल्या ब्रूसलीच्या उलट्या उड्या ब्रूसलीच्या नाहीत. त्या युएन वाहच्या. ब्रूसली थोरच, ठोशाचा वेग त्याचाच. पण कोलांटी ही वेगळी विद्या आहे.

निवांत_वाचक
हे मला आज कशाला सांगितलंत.

मल्लखांब_शिक्षक
कारण युएन वाहचं नाव कुणी घेत नाही. ज्याने अंग टाकलं त्याचं नाव घेतलं पाहिजे. 'फिस्ट ऑफ फ्युरी' च्या शेवटी खलनायक लाथ खाऊन भिंतीतून मागे उडतो ना? तो उडणारा माणूस जॅकी चॅन आहे. तेव्हा त्यालाही कुणी ओळखत नव्हतं.

अभिमानी_भारतीय
सगळे विसरताय की ही विद्या मुळात आपली. बोधिधर्म दक्षिण भारतातून शाओलिनला गेला आणि त्याने भिक्षूंना शिकवली.

लांब_पल्ला
आख्यायिका म्हणून सुंदर आहे, मलाही ती लहानपणी फार आवडायची. पण बोधिधर्म पाचव्या-सहाव्या शतकातला, आणि त्याचं नाव व्यायामाशी जोडणारा 'यीजिन जिंग' हा ग्रंथ सतराव्या शतकातला. मधली हजार वर्षं असं कुणी म्हणत नाही. ध्यानाची परंपरा त्याच्याकडे बोट दाखवते, लढाईची जोड मागाहून मिळाली. आपल्याकडे दांडपट्टा आहे, मर्दानी खेळ आहेत, मल्लखांब आहे. दुसऱ्याच्या काठीवर नाव टाकायची गरज काय?

पिटातला_पब्लिक
भारताचा विषय निघालाच आहे तर: 'मास्टर ऑफ द फ्लाइंग गिलोटिन' (१९७६) मध्ये स्पर्धेला एक भारतीय योगी येतो आणि त्याचे हात रबरासारखे लांब होतात! आम्ही टाळ्या-शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं होतं.

मेघना_ठाणे
तो प्रसंग मी बघितलाय. चिनी नटाला तपकिरी रंग फासून फेटा बांधलाय. तुम्हाला टाळ्या आठवतात, मला ते बघताना अवघडल्यासारखं झालं. तेच कुणी हॉलिवूडने केलं असतं तर आपण खपवून घेतलं असतं का?

पिटातला_पब्लिक
नसतं घेतलं. मान्य. तेव्हा मनात एवढंच होतं की पडद्यावर आपला माणूस आला आणि तो काहीतरी अफाट करतोय. आज पुन्हा बघितला तर तुम्ही म्हणता ते दिसेलच. पण त्या दिवसाची टाळीही खरी होती.

अंजू_जर्सी
मी न्यू जर्सीला असते. आमच्या ऑफिसात एक वयस्कर सहकारी आहेत, कृष्णवर्णीय, ब्रुकलिनमध्ये वाढलेले. त्यांच्याशी माझी गट्टी या सिनेमांमुळेच जमली. सत्तरच्या दशकात टाइम्स स्क्वेअरजवळ फॉर्टीसेकंड स्ट्रीटवर ओळीने स्वस्त थिएटरं होती, एका तिकिटात दोन-तीन सिनेमे. पुढे शनिवारी दुपारी टीव्हीवरही लागायला लागले. ते सांगतात की पडद्यावर गोरा नसलेला नायक, खिशात दमडी नाही, हातात शस्त्र नाही, आणि तरी मालकाच्या गुंडांना पुरून उरतो, हे त्यांनी पहिल्यांदा तिथे बघितलं. डबिंगला ते हसत नाहीत, ते डबिंग त्यांना पाठ आहे. १९९३ मध्ये वू-टँग क्लॅन या रॅप गटाने पहिल्या अल्बमच्या नावात '३६ चेंबर्स' घातलं. सहकाऱ्यांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, आमच्या भागात कुणाला त्याचा अर्थ सांगावा लागला नाही.

कृष्णाकाठचं व्हिडिओ सेंटर आणि हे, दोन्हीकडे सतरंजी एकच दिसते मला.

चैत्रपालवी
अंजू, फार छान लिहिलंयस.

हळदीकुंकू
मेघना, बाया एक तर रडतात नाही तर मरतात, हे मात्र मी ऐकून घेणार नाही! तुझ्या नवऱ्याने तुला चुकीचे सिनेमे दाखवलेत.

१९६६ चा 'कम ड्रिंक विथ मी' लाव. किंग हू दिग्दर्शक, चेंग पेई-पेई नायिका. खाणावळीत एकटी येऊन बसते, सभोवती गुंड. कुणी नाण्यांचा मारा करतो, कुणी दारूचं मडकं भिरकावतं. ती उठतसुद्धा नाही. पेई-पेई मूळची नृत्य शिकलेली, ते तिच्या मानेत दिसतं. मग अँजेला माओ, 'हापकिडो' (१९७२) मध्ये तिच्या लाथा बघ. 'एंटर द ड्रॅगन' मध्ये ब्रूसलीची बहीण झाली होती तीच. आणि माझी सगळ्यात लाडकी, कारा हुई. 'माय यंग आंटी' (१९८१) मध्ये ती वयाने तरणी आणि नात्याने सगळ्यांची काकू! म्हाताऱ्या नवऱ्याच्या माघारी इस्टेट सांभाळायला येते, आणि केस पिकलेला पुतण्या तिच्या पाया पडतो. आपल्या एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही त्यातली गंमत सांगावी लागणार नाही. १९८२ मध्ये हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्स पहिल्यांदा दिली गेली, तेव्हा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री हीच. मारामारीच्या सिनेमासाठी.

मेघना_ठाणे
शब्द मागे घेते. आज रात्रीच 'काकू' लावते.

शाहूपुरी
दिग्दर्शक च्यांग चेहचं कुणी नाव घेईना म्हणून लिहितोय. 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' (१९६७). हाँगकाँगात दहा लाख डॉलरचा गल्ला करणारा पहिला सिनेमा. हात तुटलेला नायक, वडिलांची अर्धी तुटलेली तलवार, आणि त्या अर्ध्या तलवारीनेच तो शिकतो. नायक जिमी वाँग यू. १९७८ चा 'फाइव्ह डेडली व्हेनम्स' घ्या, गोम, साप, विंचू, पाल आणि बेडूक अशा पाच विद्या, कोण कुठला ते कुणालाच माहीत नाही. रक्त, मैत्री, शब्द पाळणं. कुंग फू म्हणजे च्यांग चेह. 'थर्टीसिक्स्थ चेंबर' वाल्या लाउ कार-लिउंगचे सिनेमे कवायतीसारखे वाटतात मला.

मल्लखांब_शिक्षक
कवायत? शाहूपुरी, तुम्ही तालमीच्या गावचे दिसता, तुम्ही तरी असं म्हणू नका. लाउ कार-लिउंग च्यांग चेहकडेच मारामाऱ्या बसवायचा, ती सगळी वीज तिथे कुणाची होती?

आणि त्याचं घराणं बघा. कुंग फूचा उस्ताद वाँग फेई-हुंग, त्याचा शिष्य लाम साई-विंग, त्याचा शिष्य लाउ चाम, आणि लाउ चामचा मुलगा लाउ कार-लिउंग. पडद्यावर ज्या वाँग फेई-हुंगच्या दंतकथा दाखवायच्या त्याच्याच तालमीतली चौथी पिढी कॅमेऱ्यामागे उभी! म्हणून त्याच्या सिनेमात शिकणं हा नुसता गाण्यासारखा मधे येणारा भाग नाही. 'थर्टीसिक्स्थ चेंबर' मध्ये जवळजवळ निम्मा वेळ माणूस फक्त शिकतो. आल्या आल्या म्हणतो मला सगळ्यात वरच्या दालनात जायचंय. जातो आणि एका फटक्यात बाहेर फेकला जातो. मग तळापासून सुरुवात. हे बघून माझ्याकडची दोन पोरं परत वेताच्या मल्लखांबावरून पुरलेल्या खांबावर आली आहेत, स्वतःहून.

शाहूपुरी
बरं, कवायत हा शब्द चुकला. तालीम म्हणतो. पण च्यांग चेहचा शेवट बघून जे पोटात कालवतं ते तुमच्या लाउकडे नाही.

मल्लखांब_शिक्षक
'एट डायग्राम पोल फायटर' (१९८४) बघा आणि मग बोला. त्यातला नट अलेक्झांडर फू शेंग चित्रीकरण चालू असतानाच जुलै १९८३ मध्ये मोटार अपघातात गेला. कथा बदलावी लागली, त्याचं पात्र मध्येच संपतं आणि सगळा भार गॉर्डन लिउवर, म्हणजे आपल्या सान-तेवर येतो. त्या सिनेमातला राग अभिनयाचा वाटत नाही मला. शेवटची मारामारी शवपेट्यांच्या ढिगावर आहे.

शाहूपुरी
बघितला काल रात्री. काही बोलायचं नाही. हात जोडतो.

फडताळ
एक काळजीची सूचना. कुणी 'स्नेक इन द ईगल्स शॅडो' (१९७८) सुचवेल, जॅकी चॅनचा, दिग्दर्शक म्हणून युएन वू-पिंगचा पहिला. सिनेमा छान आहे, पण त्यात मांजर आणि नाग यांची झुंज खरीखुरी आहे. माझ्या मुलाने प्राणी खरे आहेत का विचारलं आणि मला खोटं बोलता आलं नाही. कृष्णाकाठ, लेकीबरोबर बघणार असाल तर तेवढं पुढे पळवा. त्या काळात माणसाच्याच जिवाची फिकीर कमी होती, मग प्राण्यांची कोण करतो. जॅकीचा १९८६ च्या 'आर्मर ऑफ गॉड' च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून कवटीला तडा गेला होता. शेवटच्या श्रेयनामावलीबरोबर चुकलेले प्रसंग दाखवतात तेव्हा पोरं हसतात, मी मात्र तिथे रिमोट शोधतो.

कुडाळवाला
फडताळ, हे लिहिलंत ते बरं केलंत. गुरूची छडी मीही वर फार सहज लिहून गेलो. दहा वर्षं त्या पोरांनी काय काढलं असेल.

गॉर्डन_लिउ_फॅन
सगळे 'थर्टीसिक्स्थ चेंबर' वर अडकलात. गॉर्डन लिउचा 'डर्टी हो' (१९७९) कुणी बघितलाच नाही का? त्यात तो वेष बदलून राहणारा राजपुत्र. आपल्याला कुंग फू येतं हे कुणाला कळता कामा नये. एक जण त्याला दारू चाखायला बोलावतो. दोघे समोरासमोर, तोंडावर हसू, 'घ्या ना', 'आधी तुम्ही', आणि पेला देता-घेता, ओतता-चाखता जीव घ्यायचा प्रयत्न चालू. मागे उभ्या चेल्याला काही म्हणजे काही दिसत नाही, त्याला वाटतं पाहुणचार चाललाय! मी तो प्रसंग किती वेळा बघितला असेल सांगता येणार नाही. आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या माणसाला तो जास्तच आवडतो असं माझं मत आहे.

आणि नवीन माणसासाठी 'हीरोज ऑफ द ईस्ट' (१९७८). चिनी नवरा, जपानी बायको, दोघांचं भांडण कुणाची युद्धकला श्रेष्ठ यावरून. ती रुसून माहेरी जाते आणि माहेरच्या बाजूचे जपानी उस्ताद एकेक शस्त्र घेऊन जावयाशी लढायला येतात. संपूर्ण सिनेमात एकही माणूस मरत नाही.

निवांत_वाचक
जावयाशी शस्त्र घेऊन लढणारं सासर. हा मी सहकुटुंब बघणार.

कृष्णाकाठ
मंडळी, इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. रविवारचा वृत्तांत द्यायला आलोय.

बराच विचार करून तोच लावला, 'थर्टीसिक्स्थ चेंबर'. मधेच सोडलेला होता, तसाच राहिला असता तर मला चैन पडली नसती. पण यावेळी लांब_पल्ला म्हणाले तशी पूर्ण रुंदीची प्रत, मँडरिन आवाज. कुडाळवाल्यांचं 'पाय मोज' सांगितलं. आमची आई पण येऊन बसली.

कॅमेरा चेहऱ्यावर झेपावला तेव्हा लेक दोनदा हसली. तिसऱ्यांदा नाही. सान-ते तरंगत्या ओंडक्यांवरून उडी मारून जेवायला जायला बघतो आणि पाण्यात पडतो, तिथे तिने पहिला प्रश्न विचारला, "आता याला जेवण नाही?" आई म्हणाली, "भूक लागल्यावर येईल उडी." लांब दांड्याच्या टोकाला वजन बांधून घंटा वाजवायची त्या दालनात दोघी गप्प. मेणबत्ती डोलते आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना जळत्या उदबत्त्या, मान न हलवता नुसत्या डोळ्यांनी ज्योतीमागे जायचं, तिथे मी पडदा सोडून लेकीकडे बघितलं. मान ताठ, डोळे डावी-उजवीकडे. १९८६ ची आमची सतरंजी आठवली. बोललो काहीच नाही.

पण पुढचं ऐका. संपल्यावर म्हणाली, "बाबा, देऊळ सुटल्यावर पिच्चर बसला." मी वाद घालायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला तो शेवट नीट आठवतच नव्हता. सान-ते मठाबाहेर येतो, माणसं जमवतो, सूड घेतो, सगळं घाईघाईत. इतकी वर्षं मी मनातल्या मनात तो सिनेमा मठातच संपवत होतो. ती म्हणाली, "त्याला मारायचं होतं म्हणून तो शिकायला आला, पण मला त्याचं शिकणंच बघायचं होतं. शत्रूला मी विसरूनच गेले होते." मेघनाताई, तुम्ही म्हणता ते 'गुरूला मारलं, बदला घेतला' तिला माझ्याआधी खटकलं. मल्लखांब_शिक्षक, तुमचं यावर काय म्हणणं आहे ते मला खरंच ऐकायचं आहे.

मग विचारलं, यात कुणी न मरणारा एखादा आहे का? मी धाग्यातला गॉर्डन_लिउ_फॅन यांचा प्रतिसाद तिच्यापुढे धरला. पुढच्या रविवारी 'हीरोज ऑफ द ईस्ट'. आईने आत्ताच विचारून ठेवलंय की सासरच्यांत सासूपण लढते का.

मल्लखांब_शिक्षक
लेक बरोबर आहे. शेवटात एकच गोष्ट मला जपून ठेवावीशी वाटते: तो मठाला म्हणतो की छत्तिसावं दालन उघडा, बाहेरच्या साध्या माणसांसाठी. त्याला आधी त्यासाठीच बाहेर घालवलेलं असतं. सूडाचा भाग मीही पुढे पळवून बघतो.

मेघना_ठाणे
'काकू' बघितली. हळदीकुंकू, तुला घरी जेवायला बोलावलंय असं समज. नवरा म्हणतो पुढच्या रविवारी आम्हीही 'हीरोज ऑफ द ईस्ट' लावू. कृष्णाकाठ, तुम्ही किती वाजता सुरू करणार?

कृष्णाकाठ
सातला. आईची मालिका नसते रविवारी.